गुणसूत्राचे नूतनीकरण

बौद्धिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र पाचव्या, दहाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा काढायचे, हा दंडक ४ जानेवारी २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी घातला. डाऊन सिंड्रोमच्या मुलांनाही तो लागतो, म्हणून वाचकांची पत्रे पुन्हा येऊन पडली आहेत. कॅरिओटाइपवर, म्हणजे गुणसूत्रांच्या तपासणीत, ट्रायसोमी २१ असताना दहाव्या वर्षी वैद्यकीय मंडळ नेमके काय पाहणार? एकविसाव्या जोडीतले तिसरे गुणसूत्र मधल्या काळात निघून गेले की काय, हे? त्यासाठी मंडणगडच्या बापाने मजुरी बुडवून, पहाटेची एसटी धरून पोराला रत्नागिरीत आणायचे.

मंडळाचे साहेब म्हणतील, गुणसूत्र तेच, पण क्षमता बदलते. कबूल. आता हिशोब पाहा. व्हीएसएमएस या सामाजिक परिपक्वतेच्या मापनश्रेणीवर ५५ ते ६९ म्हणजे ५० टक्के, ७० ते ८४ म्हणजे २५ टक्के. सवलतींची रेघ ४० टक्क्यांवर. आपण वर्षानुवर्षे खपून मुलीला बटणे लावायला, दुकानातून मीठ आणायला शिकवायचे. तिचा गुणांक ६८ चा ७१ झाला, की सवलती बंद. मग आई विचारते, ‘बाई, मंडळापुढे हिला गप्प बसायला सांगू का?’

डोकी मोजून माणसांची उतरंड लावण्याचा नाद जुनाच. मुरुडच्या महर्षी कर्व्यांची सून, मानववंशशास्त्रज्ञ इरावतीबाई १९२० च्या दशकाअखेर बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्याकडे संशोधन करीत होत्या. कवटीच्या दोन बाजूंतल्या फरकावरून गोऱ्यांचे श्रेष्ठत्व सिद्ध व्हावे, ही गुरूंची अपेक्षा. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या. वंशाशी संबंध दिसला नाही, तसे लिहूनही दिले.

आणि आपण? आपल्या विशेष शाळांच्या आयईपीत, म्हणजे वैयक्तिक शिक्षण आराखड्यात, ‘सामान्य पातळी गाठणे’ हे उद्दिष्ट अजून बिनदिक्कत छापलेले असते. स्नेहसंमेलनात तेच एक चुणचुणीत पोर दरवर्षी पुढे, बाकीची विंगेत. ही मुले सामान्य मुलांची बिघडलेली आवृत्ती नव्हेत. माणसे अशीही जन्मतात, कुठल्याही जातीत, कुठल्याही घरात. कुणाला कशासाठी, किती मदत लागते, एवढेच आपण मोजायचे.

तेव्हा उठा. प्रत्येक मुलाच्या फाइलला कॅरिओटाइपची प्रत आणि मदतीच्या गरजांचा एक पानी अहवाल जोडा. ट्रायसोमी सिद्ध असेल तिथे कायम प्रमाणपत्राची लेखी मागणी करा, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पोचेची प्रत आम्हाला २५ तारखेच्या आत हवी. मागच्या आवाहनाला ज्या शाळांनी साधे उत्तरही दिले नाही, त्यांनी निदान या वेळी टपालाची सबब सांगू नये. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला तरी चालेल.