पतनोंदीचा निकाल बँकेच्याच हाती

१८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. दख्खनच्या त्या उठावानंतर १८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा झाला. तो करणारे सरकार परके होते आणि कायद्यात उणिवाही पुष्कळ होत्या. तथापि खतावरील आकडा अंतिम न मानता न्यायाधीशाने मूळ व्यवहार तपासावा, एवढे तत्त्व त्याने मान्य केले होते.

स्वतंत्र भारताच्या संसदेने २००५ साली पतमाहिती कंपन्यांविषयी जो कायदा केला, तो या एका बाबतीत १८७९ च्याही मागे गेला आहे. सिबिलसारख्या कंपन्या कर्जदाराचा इतिहास साठवतात आणि त्याला ३०० ते ९०० यांमधील गुणांक देतात. नोंद चुकीची असल्यास कर्जदाराला दुरुस्ती मागता येते. परंतु ज्या बँकेने ती नोंद पाठवली, तिनेच दुरुस्ती प्रमाणित केल्याखेरीज कंपनीला ती करता येत नाही, असे कलम २१ सांगते. म्हणजे ज्याच्याविरुद्ध फिर्याद, त्याच्याच सहीने निवाडा! बेबाकी दाखला खिशात असलेला शेतकरीही मग कागदोपत्री थकबाकीदारच राहतो. पीककर्जासाठी सिबिलचा आग्रह धरू नका, असे राज्याच्या मुख्यमंत्र्यांना मे २०२५ मध्ये बँकांना बजावावे लागले, यातच सारे आले.

रिझर्व्ह बँकेने काही केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. २०२२ पासून या कंपन्यांविरुद्ध लोकपालाकडे जाता येते. तीस दिवसांत तक्रार न सुटल्यास दररोज शंभर रुपये भरपाईचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू झाला. मात्र ही भरपाई विलंबाची आहे, चुकीच्या नकाराची नव्हे. बँकेने वेळेत खोटे उत्तर दिले, तर तिला यात दंड नाही.

म्हणून कलम २१ मधील ही अट काढून टाकण्याची मागणी केली पाहिजे. कर्जदाराने पावती दाखवली की नोंद खरी असल्याचे सिद्ध करण्याचा भार बँकेवर पडावा, आणि तोवर ती नोंद स्थगित राहावी. खरी थकबाकी पुसावी, असे येथे कोणी म्हणत नाही. ती पुसून देतो म्हणणारे दलाल मात्र तालुक्याच्या गावीही आढळतात, आणि जी तक्रार फुकट नोंदवता येते तिचे हजारो रुपये उकळतात. कार्यकर्त्यांनी तालुका कार्यालयात आठवड्यातून एक दिवस बसून लोकांचे अहवाल तपासावेत, तक्रारी लिहून द्याव्यात आणि बँकांचे लेखी नकार जपून ठेवावेत. कायदेदुरुस्तीची मागणी पुढे मांडताना तोच पुरावा उपयोगी पडेल.