कुलुपांतली गोळी

गेल्या महिन्यांत आमच्याकडे एका भगिनीचें पत्र आलें. पत्राखालीं नांव नाहीं, गांव नाहीं. अक्षर मात्र वळणदार आणि भाषा सुशिक्षित घरांतली. "पत्र छापूं नये, उत्तर छापावें," अशी त्यांची विनंति आहे. ती आम्हांस मान्य आहे. परंतु उत्तर समजण्यापुरती हकीकत सांगणें भाग आहे, ती ओळखूं येणार नाहीं इतपत बदलून सांगतों.

लग्नाला चार वर्षें झालीं. घर एकत्र, सासूसासरे, दीर, जाऊ, दोन पुतणे. लग्नानंतर वर्षाच्या आंतच बाईंना एकदां ताप आला, कंबर व मांड्या ठणकल्या, आणि नाजूक जागीं पाण्याचे बारीक फोड उठून त्यांचे व्रण झाले. लघवीला जातांना डोळ्यांतून पाणी येई. घरांत 'उष्णता झाली' म्हणून धनेजिऱ्याचें पाणी व सब्जा सुरू झाला. पंधरावीस दिवसांनीं बरें वाटलें, आणि दोन महिन्यांनीं त्याच जागीं पुन्हां फोड उठले. तेव्हांपासून वर्षांतून सातआठ वेळां हाच प्रकार. अखेर त्या कोणाला न सांगतां डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. त्यांनीं फोडांतला द्रव तपासावयास पाठवून 'हर्पीज' असें निदान केलें, आणि व्हॅलासायक्लोव्हिर या औषधाची एक गोळी रोज, निदान वर्षभर, घेण्यास सांगितली. चार महिने झाले. फोड एकदांहि उठला नाहीं. परंतु कुलुपांत ठेवलेल्या गोळ्यांचें एक रिकामें पाकीट जावेच्या दृष्टीस पडलें, तिनें तें नांव फोनवर शोधलें, आणि तेव्हांपासून या भगिनी खोलींत आल्या कीं खोलींतलें बोलणें थांबतें. नवऱ्याला आजवर कधीं असा फोड आलेला नाहीं. त्यामुळें सासूबाईंचा प्रश्न सरळ आहे: त्याला नाहीं, तर हिला कुठून आलें?

भगिनींचे स्वतःचे प्रश्न तीन आहेत. गोळी जन्मभर घ्यावी लागेल काय? तिचें विष अंगांत सांचेल काय? आणि आतां मूल व्हावें अशी इच्छा आहे, तें सुखरूप होईल काय? सासूबाईंचा प्रश्न त्यांनीं आम्हांला विचारलेला नाहीं. आम्ही मात्र तोच आधीं घेतों, कारण तो घरांत तसाच घुमत राहिला तर बाकीचीं तीन उत्तरेंहि कुलुपांतच पडून राहतील.

हा विषय कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या मासिकांत कशाला, असें कांहीं वाचक म्हणतील. १९२७ सालीं र. धों. कर्वे यांनीं 'समाजस्वास्थ्य' काढलें तेव्हांहि लोक हेंच म्हणाले, आणि त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. आतां असल्या लेखनाला कोर्टापर्यंत कोणी नेत नाहीं. घरांतल्या घरांतच निकाल लागतो, आणि आरोपीला वकील मिळत नाहीं. आम्ही वैद्य नव्हे. पण जाणत्या डॉक्टरांशीं बोलून व वाचून जें निश्चित कळलें तेवढें येथें देतों.

प्रथम एक घोटाळा दूर करूं. 'हर्पीज' हा शब्द ऐकतांच आपल्याकडे पुष्कळांना नागीण आठवते. नागीण हा निराळा रोग. लहानपणीं आलेल्या कांजिण्यांचा विषाणु अंगांत दबून राहतो व उतारवयांत कमरेभोंवतीं किंवा छातीवर उठतो. बहुतेकांना ती आयुष्यांत एकदांच येते. या भगिनींचा रोग त्या विषाणूच्या चुलत भावंडाचा, आणि त्याचे प्रकार दोन. पहिला बहुधा ओठांच्या कडेला, ताप येऊन गेल्यावर उठणाऱ्या फोडांचा. पुष्कळांना तो बाळपणींच, मोठ्यांनीं घेतलेल्या मुक्यांतून लागतो. दुसरा बहुधा कमरेखालचा, स्त्रीपुरुषसंबंधांतून लागणारा. पहिला प्रकारहि मुखस्पर्शानें कमरेखालीं पोंचूं शकतो, इतकें सांगून आम्ही पुढें जातों. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१६ सालासाठीं केलेला अंदाज असा कीं, १५ ते ४९ या वयांतील सुमारें ४९ कोटी माणसांच्या अंगांत दुसरा प्रकार होता, म्हणजे शंभरांत तेरा. आपल्या अंगांत तो आहे हें त्यांपैकीं बहुतेकांना ठाऊकच नसतें.

सासूबाईंच्या प्रश्नाची ग्यानबाची मेख येथेंच आहे. फोड न उठलेला मनुष्य निरोगीच असतो हें गृहीतच खोटें आहे. विषाणु अंगांत असून जन्मांत एकहि फोड न येणारीं माणसें असंख्य आहेत. त्यांच्या अगदीं स्वच्छ दिसणाऱ्या त्वचेवरूनहि तो अधूनमधून बाहेर पडतो व दुसऱ्याला लागतो. उलट, लागण होऊन कित्येक वर्षें लोटल्यावर पहिला फोड उठल्याचींहि उदाहरणें आहेत. पहिलाच झटका तापासह व जोराचा असेल तर लागण नुकतीच झाली असण्याचा संभव अधिक, असें डॉक्टर म्हणतात. आणि हा झटका तर लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांतला. म्हणजे अनुमानच करावयाचें म्हटलें तर प्रश्न उलटून सासूबाईंच्या मुलाकडेच वळतो. पण त्यालाहि तो केव्हां लागला हें त्याला स्वतःला ठाऊक नसेल. रक्ताच्या चांचणीनें विषाणु आहे कीं नाहीं हें बरेंचसें कळतें (तींतहि चुका होतात, आणि 'आय्‌जीएम्' नांवाची जी चांचणी कित्येक ठिकाणीं सर्रास करतात ती या कामीं निरुपयोगी आहे). परंतु तो कोणाकडून आला व कोणत्या सालीं आला, हें सांगणारी चांचणी अद्याप निघालेली नाहीं. तेव्हां हा खटला पुराव्याअभावीं कोणावरच चालत नाहीं, सुनेवरहि नाहीं आणि मुलावरहि नाहीं.

आतां गोळी. हा विषाणु त्वचेंतून शिरला कीं मज्जातंतूच्या वाटेनें वर चढतो व पाठीच्या कण्याच्या तळाशीं असलेल्या मज्जातंतूंच्या गांठींत जाऊन निजतो. तेथें तो असतो, पण वाढत नाहीं. जाग आली कीं त्याच वाटेनें खालीं उतरतो. म्हणून फोड त्याच जागीं उठतात, व उठण्यापूर्वीं तेथें मुंग्या येतात किंवा चुरचुरतें.

याच्यावरचें पहिलें खरें गुणकारी औषध ॲसायक्लोव्हिर. तें अमेरिकेंत बरोज वेलकम कंपनीच्या प्रयोगशाळेंत, गर्ट्रूड एलियन यांच्या देखरेखीखालीं काम करणाऱ्या मंडळींनीं १९७० नंतरच्या दशकांत सिद्धीस नेलें. या बाईंविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून आम्हांला राहवत नाहीं. आजोबा कर्करोगानें गेलेले पाहून त्यांनीं रसायनशास्त्र घेतलें; बाई म्हणून प्रयोगशाळांची दारें बंद झालीं तेव्हां शाळेंत शिकवून दिवस काढले; डॉक्टरेट शेवटपर्यंत पुरी झाली नाहीं; आणि १९८८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आमच्या वाचकांत ज्यांचें शिक्षण लग्नामुळें अर्धवट राहिलें अशा भगिनी पुष्कळ आहेत, म्हणून हें लिहिलें.

औषधाची युक्ति अशी. विषाणूला वाढावयाचें तर आपल्या वंशसूत्राची नवी माळ ओंवावी लागते. ॲसायक्लोव्हिर दिसतें त्या माळेच्या मण्यासारखें, पण त्या मण्याला भोंक एकाच बाजूला. तो ओंवला गेला कीं दोरा पुढें जात नाहीं, माळ तेथेंच तुटते. आणि खुबी ही कीं, हा मणी ओंवण्याजोगा तयार करण्याचें पहिलें काम विषाणूचेंच एक द्रव्य करतें. निरोगी पेशींत तें नसल्यामुळें त्यांना या औषधाचा उपद्रव फारसा होत नाहीं. व्हॅलासायक्लोव्हिर हें त्याचेंच सुधारलेलें रूप, १९९५ पासून अमेरिकेंत विक्रीस आलेलें. तें पोटांतून अधिक प्रमाणांत रक्तांत जातें, म्हणून दिवसाला एक गोळी पुरते.

परंतु जो माळ ओंवतच नाहीं त्याच्यापुढें हा मणी काय करणार? निजलेल्या विषाणूला औषध शिवत नाहीं. म्हणून तें रोगाचें निर्मूलन करूं शकत नाहीं, आणि बंद केलें कीं रोग पुन्हां उठूं शकतो. 'इतके महिने गोळ्या घेऊन उपयोग काय झाला?' असें म्हणणाऱ्यांनीं हें लक्षांत घ्यावें.

औषध घेण्याच्या रीती दोन. ज्यांना वर्षांतून एकदोनदांच त्रास होतो त्यांनीं चुरचुरूं लागतांच, निदान फोड उठल्यापासून एक दिवसाच्या आंत, औषध सुरू करून थोडे दिवस घ्यावें. ज्यांना वर्षांतून सहा किंवा अधिक वेळां होतो, किंवा कमी वेळां होऊनहि ज्यांचें मन त्या धास्तीनें पोखरलें आहे, त्यांना रोजची गोळी सांगतात. रोजच्या गोळीनें पुनरावृत्ति शंभरांत सत्तरऐंशींनीं कमी होते. ठराविक मात्रा म्हणजे ॲसायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅम दिवसांतून दोनदां, किंवा व्हॅलासायक्लोव्हिर ५०० मिलिग्रॅम एकदां. फार वारंवार त्रास असेल तर डॉक्टर ती वाढवितात. वरून लावण्याच्या मलमाचा उपयोग जवळजवळ नाहींच, आणि औषधांच्या दुकानांतून लाजतकाजत आणलेलीं खाजेचीं मलमें तर अपायच करतात, कारण त्यांतल्या पुष्कळांत स्टेरॉइड असतें.

पहिल्या दोन प्रश्नांचें उत्तर यांतच आलें. जन्मभर घेण्याचें कारण सहसा पडत नाहीं. वर्षभरानें डॉक्टरांच्या सल्ल्यानें गोळी थांबवून पाहतात. थांबविल्यावर लौकरच एकदां फोड उठला तर घाबरूं नये. निदान दोन वेळां काय होतें तें पाहून, पुन्हां सुरू करावी कीं कसें, हें ठरवावें. बहुतेकांत वर्षें जातात तसा रोगाचा जोर आपोआप ओसरतो. विष सांचण्याचें भय नको. औषध मूत्रपिंडांतून वाहून जातें. तीं धड असलीं व पाणी पुरेसें प्यालें म्हणजे झालें. मूत्रपिंडाचा विकार असेल त्यानें मात्र डॉक्टरांस आधींच सांगावें, मात्रा कमी करावी लागते. क्वचित् डोकें दुखतें, मळमळतें. वर्षानुवर्षें सतत घेणारे रोगी पाहिले गेले आहेत, आणि ज्यांची प्रतिकारशक्ति शाबूत आहे त्यांच्यांत विषाणु औषधाला जुमानीनासा झाल्याचीं उदाहरणें फार थोडीं.

आतां जी गोष्ट त्या जावेनें फोनवर वाचली नसेल ती. २००४ सालीं एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. एकाला दुसऱ्या प्रकारचा हर्पीज आहे व दुसऱ्याला नाहीं, अशीं १४८४ जोडपीं घेतलीं. निम्म्या रोग्यांना व्हॅलासायक्लोव्हिरची रोज एक गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी, आठ महिने दिली. पोकळ गोळीवाल्यांच्या जोडीदारांत शंभरांत २.२ जणांना फोडांसह रोग झाला. खऱ्या गोळीवाल्यांच्या जोडीदारांत ०.५ जणांना. फोड न उठतां रक्तांत सांपडलेली लागण धरली तर हेंच आंकडे ३.६ व १.९ होते. संरक्षण पुरें नव्हे. निरोध वापरावा आणि चुरचुरूं लागल्यापासून व्रण भरेपर्यंत दूर राहावें, हें आहेच. पण नवऱ्याला खरोखरच लागण झालेली नसेल, तर जी गोळी पाहून घर सुनेकडे वांकड्या नजरेनें पाहतें, तीच गोळी त्या घरच्या मुलाला राखीत आहे. सासूबाईंनीं हा परिच्छेद दोनदां वाचावा.

ताटवाटी, नहाणीघर, कपडे वेगळे करण्याचें कांहीं कारण नाहीं. पुतण्यांना मांडीवर घेण्यानें त्यांना हा रोग लागत नाहीं.

राहिला तिसरा प्रश्न, आणि या पत्रांतला आमच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचा. मूल होण्यास हा रोग आड येत नाहीं. बाळाला मोठें भय असतें तें आईला हा रोग प्रथमच, प्रसूति अगदीं जवळ आली असतां, लागला तर. अशा वेळीं शंभरांत तीस ते पन्नास बाळांना लागण होते, आणि नवजात अर्भकांत हा रोग जिवावर बेततो. जिला तो आधींपासून आहे तिच्या बाळाला हें भय शंभरांत एकाहूनहि कमी, कारण आईच्या रक्तांतलें प्रतिकारद्रव्य त्यालाहि मिळालेलें असतें. तेवढेंहि टाळण्यासाठीं छत्तिसाव्या आठवड्यापासून रोज औषध देतात, व कळा सुरू होतांना व्रण असेल किंवा चुरचुरत असेल तर पोट उघडून प्रसूति करतात.

हें सर्व होण्यास एकच गोष्ट लागते: प्रसूति करणाऱ्या डॉक्टरांना माहीत असणें. आणि नेमकी येथेंच आमच्या घरांची रीत आडवी येते. पहिलें बाळंतपण माहेरीं. सासरच्या डॉक्टरीणबाईंना सगळें ठाऊक. सातव्या महिन्यांत मुलगी माहेरीं जाते, तेथें नवे डॉक्टर, बरोबर आई बसलेली, आणि 'पूर्वींचें कांहीं दुखणें?' या प्रश्नाला मुलगी 'नाहीं' म्हणते. भगिनींनीं असें करूं नये. सासरच्या डॉक्टरांकडून रोगाचें नांव, चालू औषध व मात्रा लिहून घ्यावी. माहेरीं पहिल्याच भेटींत आईला क्षणभर बाहेर बसवून तो कागद नव्या डॉक्टरांच्या हातीं द्यावा. सासूबाईंना, जावेला सांगावें कीं नाहीं हा त्यांचा प्रश्न. नवऱ्याला मात्र, अजून सांगितलें नसेल तर, त्यांनीं स्वतः सांगावें, आणि शक्य तर दोघांनीं मिळून डॉक्टरीणबाईंकडे जावें. पत्रांत नवऱ्याविषयीं त्यांनीं एवढेंच लिहिलें आहे कीं ते बोलत नाहींत, पण रात्रीं झोंपण्यापूर्वीं पाण्याचा तांब्या आजकाल तेच भरून ठेवतात.

पत्र आम्हीं फाडून टाकलें आहे.