ओटीतला कापूस आणि चित्रकलेचा तास

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळजण एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांना बसले असतील. त्यांत संकल्पचित्राचा एक विषय असतो. दिलेल्या चौकोनात किंवा वर्तुळात पाने, फुले, पक्षी बसवायचे आणि रंगसंगती साधायची. यालाच आपण डिझाईन म्हणतो. साडीच्या काठावर असते ते डिझाईन, खिडकीच्या गजांवर असते ते डिझाईन. या समजुतीने आपले, विशेषतः परभणीसारख्या शेतीच्या जिल्ह्याचे, नुकसान केले आहे असे माझे मत आहे.

दिवाळीच्या सुमारास मानवत, पाथरी, सेलू या बाजूच्या शिवारात गेलात, तर बायका कापूस वेचताना दिसतील. जुन्या लुगड्याचे धडपे कंबरेला बांधून पुढे ओटी केलेली असते. दोन्ही हातांनी बोंडे वेचायची, कापूस ओटीत टाकायचा आणि पुढच्या झाडाकडे सरकायचे. ओटी भरत जाते तसतशी ती कंबरेला पुढे ओढू लागते.

आता तरफेचा नियम आठवा. समजा, ओटीत ५ किलो कापूस आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य पाठीच्या कण्यापासून ३० सेंटीमीटर पुढे आहे. हा भार तोलून धरणारे पाठीचे स्नायू कण्याच्या मागे जेमतेम ५ सेंटीमीटर अंतरावर असतात. भाराची भुजा बलाच्या भुजेच्या सहापट झाली. म्हणजे ५ किलो तोलायला स्नायूंना ३० किलो वजनाइतका जोर लावावा लागतो. शिवाय बाई वाकलेली असली, की तिच्या स्वतःच्या धडाचा भार त्यात मिळतो तो वेगळाच. काट्यावर ५ किलो भरणारा कापूस कंबरेला किती भरतो, हे संध्याकाळी घरी परतलेल्या आईला किंवा मावशीला विचारून पाहा.

तोच कापूस खांद्यांवरून घेतलेल्या पट्ट्यांच्या आधाराने दोन्ही कुशींना दोन पिशव्यांत ठेवला तर? भार कण्याच्या रेषेत येतो, भुजा जवळजवळ उरतच नाही. कापूस तेवढाच, बाई तीच, फक्त कापडाचा आकार आणि जागा बदलली. खरे डिझाईन ते हे. माणूस, त्याचे काम आणि त्याच्या हातातली वस्तू यांचा मेळ घालण्याच्या या विद्येला औद्योगिक अभिकल्प म्हणतात. अहमदाबादची राष्ट्रीय अभिकल्प संस्था १९६१ साली निघाली. मुंबईच्या आयआयटीमध्ये इंडस्ट्रियल डिझाईन सेंटर १९६९ साली सुरू झाले. जर्मनीतील उल्म येथे शिकून आलेले प्रा. सुधाकर नाडकर्णी यांचा त्याच्या उभारणीत मोठा वाटा होता. तेथील पदवी अभ्यासक्रमाची प्रवेश परीक्षा बारावीच्या कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला देता येते. ही गोष्ट शिक्षकांनी वर्गात आवर्जून सांगावी.

पण पिशवीचे चित्र कागदावर उतरले, म्हणजे काम झाले का? मुळीच नाही. शेतकरी महिलांचे कष्ट कमी करणाऱ्या साधनांवर आपल्या कृषी विद्यापीठांनी काम केले आहे. १९७२ साली स्थापन झालेल्या परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठानेही ते केले आहे. कापूस वेचणीसाठी पिशव्या आणि अंगरखे तयार झालेले आहेत. मग तुमच्या गावच्या आठवडी बाजारात खुरपे, विळा, दोरखंड मिळतो, तशी ही पिशवी मिळते का? एकदा जाऊन बघा.

मिळत नसेल, तर तिच्या भूमितीत दोष असेलच असे नाही. ती गावात शिवणारा आणि विकणारा कोणी नाही, एवढेच कारण असू शकेल. त्यातही एक गोम आहे. पाठ दुखते ती वेचणारीची आणि पैशाची पिशवी असते शेतमालकाकडे. मालकाने ती का घ्यावी? वेचणीची मजुरी बहुधा किलोवर मिळते, तेव्हा जास्त कापूस वेचता आला तर फायदा वेचणारीचा आहे. पण मग किंमत तिच्या मजुरीला परवडेल अशी हवी. पट्ट्याला पितळी कडी लावायची की नुसती गाठ, हा प्रश्न आता सौंदर्याचा उरत नाही, हिशेबाचा होतो. अभिकल्पाच्या विद्यार्थ्याला हा हिशेब आला पाहिजे. तो शिकवण्याचे काम वाणिज्य शाखेवर ढकलून कसे चालेल?

या बाबतीत लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले होते. काही रंग आपल्याला नीट ओळखता येत नाहीत हे कळल्यावर त्यांनी रंग सोडले आणि यांत्रिक रेखन धरले. पुढे ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. मग बेळगावात सायकलींचे दुकान, त्यानंतर कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर. नांगर चांगला होता, पण घेणार कोण? लोखंडाने जमिनीला विष चढते, असे शेतकरी म्हणत. ती भीती घालवून पहिले नांगर खपवायला सुमारे दोन वर्षे गेली. लक्ष्मणरावांनी तो काळ वाया गेला असे मानले नाही, आणि १९१० साली औंध संस्थानातील माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. चित्रकलेचा हा विद्यार्थी नांगर काढून थांबला असता, तर तो नांगर कागदावरच राहिला असता.

जाता जाता कायद्याची एक गंमत सांगतो. आपला २००० सालचा अभिकल्प कायदा संरक्षण देतो ते डोळ्यांना दिसणाऱ्या आकाराला आणि नक्षीला. वस्तू काम कशी करते, याचे संरक्षण हवे असेल तर पेटंटकडे जावे लागते. म्हणजे कायदाही थोडासा संकल्पचित्राच्या बाजूचाच!

शिक्षकांना माझी एक सूचना आहे. फुलापानांचे तास बंद करू नका, ते हवेतच. पण वर्षातले चार तास वर्गाला शिवारात न्या. मुलांना वेचणारीच्या हालचाली बघून रेखाटने काढू द्या, ओटी काट्यावर तोलू द्या, कण्यापासूनचे अंतर टेपने मोजू द्या. मग गावच्या शिंप्याकडे बसून दोन-चार पिशव्या शिवून घ्या आणि कापड, दोरा, शिलाई यांचा खर्च मुलांनाच मांडू द्या. पिशव्या फुकट वाटू नका. निम्म्या किमतीत का होईना, पण विका. फुकटची वस्तू माणूस नावे न ठेवता कोपऱ्यात टाकतो. विकत घेतलेली वाईट निघाली, की तोंडावर सांगतो.

आणि मुलांनो, तिसऱ्या दिवशी ती बाई पुन्हा ओटी बांधून शेतात आलेली दिसली, तर हिरमुसू नका. जवळ जाऊन विचारा. कदाचित कुशीवरची पिशवी पऱ्हाटीच्या फांद्यांत अडकत असेल, किंवा भरलेली पिशवी ओतायला दुसरे माणूस लागत असेल.