लायसन मिळालं म्हणजे झालं का? छोट्या विमानातून वेगवान विमानात जाताना होते खरी परीक्षा

मिहान (नागपूर) : अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर एअर इंडियाची वैमानिक प्रशिक्षण संस्था उभी राहत आहे. तिच्यासाठी कंपनीने ३४ विमानांची ऑर्डर दिली. त्यातली ३१ विमानं एका इंजिनाची, पायपर कंपनीची. उरलेली ३ दोन इंजिनांची, डायमंड कंपनीची. वर्षाला १८० वैमानिक तयार करायचं उद्दिष्ट आहे. बातम्यांत ३४ आणि १८० हे आकडे गाजले. पण ज्यांच्या घरातलं पोरगं किंवा पोरगी 'पायलट व्हायचंय' म्हणते, त्यांनी त्या शेवटच्या ३ विमानांकडे नीट पाहायला हवं.

कारण छोटं, संथ विमान उडवता येणं वेगळं आणि ताकदवान, वेगवान विमान हातात घेणं वेगळं. या दोन्हींच्या मधल्या प्रशिक्षणाला ट्रान्झिशन ट्रेनिंग म्हणतात. जाहिरातीत ते ठळक दिसत नाही. पण नोकरी मिळणार की नाही आणि जीव सुरक्षित राहणार की नाही, या दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी त्यावर ठरतात.

विदर्भात काय काय आहे?

नागपूर फ्लाइंग क्लब १९४७ पासूनचा. सरकारी क्लब, सेसना १५२ आणि १७२ ही त्याची विमानं. मधली काही वर्षं तिथलं प्रशिक्षण बंद पडलं होतं. ते पुन्हा सुरू झालं आणि चंद्रपूरजवळच्या मोरवा धावपट्टीवरही उड्डाणं होऊ लागली. गोंदियाच्या बिरसी विमानतळावर राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था आहे. आता अमरावतीची भर पडत आहे. बेलोरा विमानतळ आणि मिहान, दोन्ही महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीच्या, म्हणजे एमएडीसीच्या अखत्यारीत येतात.

मिहानमध्ये चित्र वेगळं आहे. इथे उडवायला कमी आणि विमान बांधायला, दुरुस्त करायला जास्त शिकायला मिळतं. एअर इंडियासाठी बोइंगने बांधलेलं देखभाल केंद्र इथे २०१५ मध्ये सुरू झालं. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये दसॉ-रिलायन्सच्या कारखान्याची पायाभरणी झाली. जून २०२५ मध्ये फाल्कन २००० हे बिझनेस जेट मिहानमध्येच जोडलं जाईल, पहिलं विमान २०२८ पर्यंत बाहेर पडेल, अशी घोषणा झाली.

शिवणगाव, चिंचभुवन, खापरी, तेल्हारा, दहेगाव या भागातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी या प्रकल्पात गेल्या. त्या घरांतल्या पुढच्या पिढीला विमानाच्या धंद्यात जागा मिळावी, ही अपेक्षा रास्तच आहे. पण जागा मिळवायची तर जिना पूर्ण हवा. खालची पायरी आहे, वरची दिसते आहे. मधल्या पायरीचं काय, हा प्रश्न आहे.

फरक नेमका कुठे पडतो?

ट्रॅक्टरवाल्याला हॉर्सपॉवरचा फरक समजावून सांगावा लागत नाही. सेसना १५२ चं इंजिन साधारण ११० एचपीचं. जगभर खासगी वैमानिकांत लोकप्रिय असलेलं सिरस एसआर-२२ हे विमानही एकाच इंजिनाचं, पण ३१० एचपीचं. अमेरिकेच्या नियमात २०० एचपीच्या वरचं इंजिन असलं की त्याला 'हाय परफॉर्मन्स' विमान म्हणतात. ते एकट्याने उडवण्याआधी प्रशिक्षकाकडून वेगळं प्रशिक्षण घेऊन वहीत सही घ्यावी लागते. चाकं आत घेणारं आणि पंख्याच्या पात्यांचा कोन बदलता येणारं विमान असेल, तर त्यासाठी आणखी एक वेगळी सही.

भारतातही लायसन म्हणजे सगळी विमानं उडवायची मुभा नव्हे. कोणत्या प्रकारचं विमान उडवता येईल, याची नोंद लायसनवर असते. ही नोंद हवी तर त्या विमानावर प्रशिक्षण आणि परीक्षा आलीच.

आता बदल काय होतात ते पाहा.

पहिला बदल वेळेचा. नागपूर ते वर्धा सरळ हवाई अंतर साधारण ६० किलोमीटर. ताशी १८० किलोमीटर वेगाच्या विमानाला २० मिनिटं लागतात. ताशी ३३० च्या विमानाला ११. म्हणजे नकाशा पाहणं, रेडिओवर बोलणं, उतरण्याची तयारी करणं, ही सगळी कामं जवळपास अर्ध्या वेळात उरकायची. वैमानिकांत म्हणतात की डोकं विमानाच्या पुढे असलं पाहिजे. नवख्याचं डोकं विमानाच्या मागे पळत असतं.

दुसरा बदल चाकांचा. सेसना १५२ ची चाकं कायम खालीच असतात. वेगवान विमानांत बहुतेक वेळा ती पोटात घेतात आणि उतरण्याआधी खाली सोडतात. ज्याने दोनशे तास चाकांचा विचारच केलेला नाही, त्याच्याकडून गडबडीत ती सोडायची राहू शकतात. म्हणून यादी वाचून, हात लावून, तोंडाने बोलून खात्री करायची सवय अंगी मुरावी लागते.

तिसरा बदल उतरण्याचा. जड विमान जास्त वेगाने धावपट्टीवर येतं. वेग थोडाही जास्त ठेवला तर ते टेकतच नाही, तरंगत पुढे जातं. बळजबरीने टेकवलं तर उसळतं. वेग कमी पडला तर पंखांखालचा आधार सुटतो आणि विमान कोसळतं.

चौथा बदल दुसऱ्या इंजिनाचा. एक बंद पडलं तर दुसरं आहेच, असं कोणालाही वाटेल. पण बंडीला जुंपलेला एक बैल अचानक थांबला तर बंडी त्याच बाजूला वळते. विमानाचंही तसंच होतं, ते बंद इंजिनाकडे वळू लागतं. त्यात वेग एका मर्यादेखाली गेला तर पायातलं रडर कितीही दाबलं तरी विमान सरळ राहत नाही, उलटं होऊ शकतं. अशा वेळी नाक खाली, वेग कायम, योग्य पाय दाबलेला आणि बंद इंजिनाचा पंखा वाऱ्याला आडवा येणार नाही असा वळवलेला, हे सगळं काही सेकंदांत व्हायला हवं. पुस्तक वाचून ते येत नाही. पुन्हा पुन्हा करूनच येतं.

४५ अंशांचं ऊन

विदर्भात यात आणखी एक गोष्ट मिसळते, ती म्हणजे ऊन. नागपूर विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ३१५ मीटर उंचीवर आहे. पण मे महिन्यात पारा ४५ वर गेला की हवा विरळ होते. विमानाच्या दृष्टीने ती धावपट्टी जणू दीड हजार मीटर उंचीवर असते, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही उंच. इंजिनाची ताकद घटते, पंखांना उचल कमी मिळते, धावपट्टी जास्त लागते, चढाई मंदावते.

म्हणून दुसऱ्या देशात, थंड हवेत ताशी हिशेबाने शिकून आलेल्या मुलाला इथल्या दुपारची सवय पुन्हा करावी लागते. उलट, इथे नीट शिकलेल्या मुलाची ती जमेची बाजू ठरते.

अमेरिकेने महाग किंमत मोजून शिकलेला धडा

अमेरिकेत १९४७ मध्ये बोनान्झा नावाचं विमान आलं. देखणं, वेगवान, चाकं आत घेणारं. पैसेवाल्या डॉक्टर-वकिलांनी ते घेतलं आणि अपघात इतके झाले की 'डॉक्टरांना मारणारं विमान' असं त्याचं टोपणनाव पडलं. विमान वाईट नव्हतं. पैसा होता, विमान घेतलं, पण त्या विमानाला लागतो तेवढा सराव नव्हता. पुढे मालकांच्या संघटनेनेच त्या विमानासाठी खास प्रशिक्षण सुरू केलं.

नंतर सिरस आलं. त्यात अख्खं विमान खाली उतरवणारं पॅराशूट. तरी सुरुवातीच्या वर्षांत जीवघेण्या अपघातांचं प्रमाण अपेक्षेइतकं घटलं नाही. पॅराशूट होतं, पण ते कधी ओढायचं याचा निर्णय वैमानिक उशिरा घेत होते किंवा घेतच नव्हते. कंपनी आणि मालकांच्या संघटनेने प्रशिक्षणावर जोर दिला, 'शंका आली तर लवकर ओढा' हे घोकून घेतलं, तेव्हा फरक पडला.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१० मध्ये छोट्या विमानांतल्या नव्या स्क्रीनबद्दल अभ्यास जाहीर केला. स्क्रीन असलेल्या विमानांचे एकूण अपघात कमी होते, पण जीवघेण्या अपघातांचं प्रमाण जास्त निघालं. मंडळाचं म्हणणं साधं होतं : नवं यंत्र दिलं तर त्या यंत्राचं वेगळं प्रशिक्षणही द्या.

नागपूरहून उडालेली हवाई ॲम्ब्युलन्स

याच मिहानच्या विमानतळाचं उदाहरण अनेकांना आठवत असेल. ६ मे २०२१ रोजी, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, रुग्ण घेऊन निघालेल्या सी-९० या दोन इंजिनांच्या छोट्या विमानाचं एक चाक नागपूरहून उड्डाण घेतानाच निखळून पडलं. विमान मुंबईला नेण्यात आलं. धावपट्टीवर फेस पसरला गेला आणि वैमानिकाने चाकं न वापरता विमान पोटावर उतरवलं. आतले सगळे सुखरूप बाहेर आले.

लोकांनी त्याला चमत्कार म्हटलं. पण त्यामागे काम होतं : विमानाची पूर्ण ओळख, कोणता पर्याय कमी धोक्याचा याचा शांतपणे घेतलेला निर्णय आणि हात स्थिर ठेवणारा सराव. गावाकडचा रुग्ण उद्या अशाच विमानातून मोठ्या दवाखान्यात जाणार असेल, तर पुढच्या सीटवरच्या माणसाचं प्रशिक्षण हा गावाचाही विषय आहे.

दुसरी बाजूही विसरता येत नाही. २६ एप्रिल २०१७ रोजी गोंदियाचं प्रशिक्षण विमान वैनगंगेत कोसळलं. १८ मार्च २०२३ रोजी बिरसीहून उडालेलं विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्यात डोंगराळ भागात पडलं. दोन्ही वेळा प्रशिक्षक आणि शिकणारा, दोघांचाही जीव गेला. हे अपघात वेगवान विमानाकडे जातानाचे नव्हते. पण प्रशिक्षक शेजारी असतानाही चूक सुधारायला हवेत किती कमी वाव असतो, हे त्यांनी दाखवलं. वेग वाढला की तो वाव आणखी कमी होतो.

वावर विकून शिकवताना

व्यावसायिक वैमानिकाच्या लायसनसाठी, म्हणजे सीपीएलसाठी, किमान २०० तास उड्डाण लागतं. आज हा खर्च साधारण ४० लाखांच्या पुढेच जातो. काही घरांत त्यासाठी कर्ज काढतात, काही ठिकाणी वावर विकतात. आणि लायसन हाती आल्यावर कळतं की विमान कंपन्यांना दोन इंजिनांच्या विमानाची आणि उपकरणांवर उड्डाण करण्याची नोंदही हवी असते. त्या विमानाचा एक तास छोट्या विमानापेक्षा कितीतरी महाग. त्यानंतर कंपनीच्या मोठ्या जेटचं टाईप रेटिंग. त्याचा खर्च पुन्हा लाखांत आणि त्यासाठी गुरुग्राम, ग्रेटर नोएडा, हैदराबाद, बेंगळुरूकडे धाव.

इथेच ग्रामीण भागातलं पोरगं अडकतं. हिशेब २०० तासांचा केलेला असतो, पुढच्याचा नसतो. मग कमीत कमी तासांत उरकायचं, असा मोह होतो. सगळ्यात जास्त सराव जिथे लागतो, तिथेच पैसा संपलेला असतो.

संस्थांचा दर्जा हाही प्रश्न आहेच. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये देशातल्या उड्डाण संस्थांची पहिली क्रमवारी जाहीर केली. ३५ संस्थांपैकी १३ 'बी' श्रेणीत, २२ 'सी' श्रेणीत. वरच्या दोन श्रेणींत एकही नाही.

मिहान काय करू शकतं?

मिहानमध्ये इंजिनिअर आहेत, हँगर आहेत, मोठी धावपट्टी आहे, ढगाळ हवेत उतरायला मदत करणारी यंत्रणा आहे. शेजारच्या जिल्ह्यांत शिकणारी मुलं आहेत. याच परिसरात दोन इंजिनांच्या विमानांचे आणि पुढे बिझनेस जेटचे सिम्युलेटर आले, तर जिन्याची मधली पायरी इथेच बसेल. सिम्युलेटरमध्ये इंजिन शंभर वेळा बंद पाडता येतं, कोणाचा जीव जात नाही आणि इंधनही जळत नाही. जमिनी गेलेल्या गावांतल्या मुलांसाठी आणि सरकारी शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्यांसाठी या टप्प्याची फी धरली गेली, तर लायसन घेऊन घरी बसायची वेळ कमी जणांवर येईल. विमानं किती घेतली आणि वैमानिक किती निघाले, एवढंच मोजून चालणार नाही. त्यातले किती पुढच्या विमानापर्यंत पोहोचले, हेही एमएडीसी आणि लोकप्रतिनिधींना विचारायला हवं.

पैसे भरण्याआधी हे विचारा

• सांगितलेल्या फीमध्ये दोन इंजिनांच्या विमानाचे तास आहेत का? किती?
• उपकरणांवरच्या उड्डाणाची नोंद त्यातच होते की वेगळे पैसे?
• दोन इंजिनांचं विमान संस्थेचं स्वतःचं आहे का, सध्या उडतं आहे का? त्यावर किती प्रशिक्षक आहेत?
• विमान बंद असलं किंवा पावसाळ्यात उड्डाण झालं नाही, तर मुदत आणि फी यांचं काय?
• डीजीसीएच्या ताज्या क्रमवारीत संस्था कोणत्या श्रेणीत आहे?
• मागच्या बॅचमधल्या किती जणांना नोकरी लागली? त्यातल्या दोघा-तिघांशी फोनवर बोलता येईल का?

उत्तरं तोंडी घेऊ नका, कागदावर मागा. जी संस्था ती द्यायला कचरते, तिथे पैसे भरायची घाई करू नये. एखादं वर्ष उशीर झाला तरी चालेल. अर्धवट तयारीने वेगवान विमानात बसणं मात्र परवडणारं नाही, ना खिशाला, ना जिवाला.