सौर पॅनल : अनुदान किलोवॉटवर, परतावा टिकाऊपणावर

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेमुळे छतावरील सौर वीज मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आवाक्यात आली. ३ किलोवॉट वा त्याहून मोठ्या संचाला केंद्राकडून ७८ हजार रुपये मिळतात. हे अनुदान संचाच्या क्षमतेवर ठरते. तो पंधराव्या वर्षी किती वीज देईल, याच्याशी त्याचा संबंध नाही. ग्राहकाचा हिशेब मात्र तिथेच ठरतो. वर्षाला अर्धा टक्का घट धरली तर १५ वर्षांनी पॅनलची क्षमता सुमारे ९३ टक्के उरते, दोन टक्के धरली तर ७४ टक्के. वर्षाला चार हजार युनिट देणाऱ्या संचात हा फरक दरवर्षी साडेसातशे युनिटांहून अधिक होतो.

गोव्यासारख्या किनारी राज्यात ही घट कशामुळे वाढते, हे पाहणे उद्बोधक आहे. काचेखाली सौर घटांना धरून ठेवणारा प्लॅस्टिकसदृश थर असतो, तर मागे संरक्षक पत्रक. हे पत्रक हलक्या प्रतीचे असेल तर उन्हाने त्याला भेगा पडतात आणि पावसाळ्यातील दमट हवा आत शिरते. उष्णता व ओलाव्यामुळे आतल्या थरातून अ‍ॅसिटिक आम्ल सुटते आणि चांदीच्या बारीक वाहक रेषा गंजू लागतात. बाहेरून पॅनल कित्येक वर्षे नवेकोरेच दिसते. बसवताना कामगार पॅनलवर उभा राहिला तर घटांना पडणारे सूक्ष्म तडेही असेच नजरेआड राहतात.

आयआयटी मुंबई आणि राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेने देशभर केलेल्या पाहण्यांत, उष्ण हवामानात आणि छतावरील लहान संचांत ऱ्हास अधिक वेगाने होत असल्याचे आढळले. मोठा प्रकल्प उभारणारा खरेदीपूर्वी तपासणी करून घेतो. घरमालक दरपत्रकातील शेवटचा आकडा पाहतो.

अनुदानासाठी पॅनल व त्यातील घट देशी बनावटीचे असावे लागतात. मात्र देशी असणे आणि खाऱ्या हवेत टिकणे या भिन्न गोष्टी होत. त्यासाठी आयईसी ६१७०१ ही क्षारतुषार चाचणी आहे. बार्देश-सासष्टीच्या किनाऱ्यालगत राहणाऱ्याने तिचे प्रमाणपत्र मागितलेच पाहिजे. सांगाड्याचे नटबोल्ट साधे लोखंडी नकोत, हेही करारात लिहून घ्यावे.

हमीपत्राचीही गंमत आहे. ‘२५ वर्षांची हमी’ बहुधा वीजनिर्मितीची असते. पॅनलच्या सदोष बनावटीची हमी अनेकदा १० ते १२ वर्षांचीच. काही उत्पादक समुद्रापासूनच्या अंतराचीही अट घालतात. योजनेनुसार बसवणाऱ्यावर देखभालीची जबाबदारी पाच वर्षेच असते. सहाव्या वर्षी दावा करायचा तर पॅनलचे अनुक्रमांक, खरेदीची पावती आणि पहिल्या वर्षापासूनच्या निर्मितीच्या नोंदी घरमालकाकडेच हव्यात. वीज खात्याने सौर मीटरच्या नोंदी कंपनीनिहाय जाहीर केल्या, तर पुढच्या ग्राहकाला विक्रेत्याच्या शब्दावर विसंबावे लागणार नाही.