जालन्याचे पोलाद, खामगावची रेल्वे आणि आपला सातबारा

घराच्या स्लॅबसाठी सळई घ्यायला गेलात की दुकानदार हमखास जालन्याचे नाव घेतो. पण जालन्याला ना लोखंडाची खाण, ना समुद्र. तिथल्या भट्ट्या भंगार आणि स्पंज आयर्न वितळवतात. परदेशी भंगार जहाजाने न्हावाशेवा बंदरात उतरते, तर स्पंज आयर्न छत्तीसगडच्या बाजूने येते. म्हणजे या धंद्याचा जीव वाहतुकीत. म्हणूनच २०१५ साली जालन्याजवळ ड्रायपोर्टचे भूमिपूजन झाले.

आता आपले पाहा. जालंबहून जालन्याला मालगाडी न्यायची तर भुसावळ-मनमाडचा चारशे किलोमीटरच्या वरचा वळसा पडतो. खामगाव-चिखली-देऊळगाव राजा-जालना असा सरळ मार्ग व्हावा, ही मागणी इंग्रजांच्या काळापासूनची. राज्य शासनाने निम्मा खर्च उचलण्याची तयारीही दाखवली आहे.

पण नुसते खूश होऊन चालणार नाही. १८७० साली जालंब-खामगाव हा सुमारे १३ किलोमीटरचा फाटा कापसासाठी टाकला गेला. कापसाच्या गाठी निघाल्या, काम भागले. रूळ खामगावच्या पुढे सरकलेच नाहीत. एकाच मालासाठी टाकलेला रूळ त्या मालापुरताच राहतो.

तेव्हा मागणी नुसत्या स्टेशनाची नको, मालधक्क्याची करा. एका मालगाडीत सुमारे अडीच हजार टन माल मावतो. सोळा टनांचा ट्रक धरला तर दीडशेच्या वर ट्रक झाले. चिखली, देऊळगाव राजाला मालधक्का व गोदाम झाले तर खत जवळ उतरेल, सोयाबीन तिथूनच चढेल. नाहीतर जमीन आपली जाणार, आणि गाडी फक्त पोलादाची धावणार.

सरपंच, तलाठी, ग्रामसेवक मंडळींनी ग्रामसभेत तसा ठराव घ्यावा. शेतकऱ्यांनी आजच सातबारा, आठ-अ आणि फेरफार तपासून घ्यावा. वारसाची नोंद राहिली असेल तर ती करून घ्या. विहीर, बोअर, फळझाडे कागदावर आहेत का ते पाहा, ई-पीक पाहणी चुकवू नका. मोबदला बांधावरच्या झाडाला नाही, कागदावरच्या झाडाला मिळतो. मोजणीवाले शेतात आल्यावर धावपळ करून काय उपयोग?