एका पंगतीत घडणारी ओळख

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत भोपळा आधी पुरता वाळवतात, मग तो कापून-कोरून त्याला दांडी जोडतात आणि त्याचा तंबोरा होतो. हे काम करणारी घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांची. एकोणिसाव्या शतकात तलवारींची मागणी आटली, त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी वाद्ये घडवायला घेतली आणि पुढे घराण्याचे आडनावच ‘सतारमेकर’ झाले. धर्म तोच राहिला, ओळख मात्र रुंदावली. मुसलमान कारागिराने जुळवलेला तंबोरा देवळातल्या भजनातही वाजू लागला. ओळख जन्माबरोबर कायमची ठरते, हे गृहीत या गल्लीत टिकत नाही.

यावर कोणी म्हणेल, याच मिरजेत २००९च्या गणेशोत्सवात कमानीवरच्या चित्रावरून दंगल पेटली. २०२३मध्ये सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमांवरच्या मजकुरावरून मशिदीवर हल्ला झाला, एकाचा जीव गेला. हा आक्षेप खोडून काढता येत नाही. देवघेवीतली जवळीक बाजारापुरती असते. बाजार उठला की माणूस आपल्या आळीत परततो, आणि ज्याच्या घरी आपण कधी जेवलो नाही त्याच्याविषयीची अफवा चटकन खरी वाटते. म्हणून धंद्याच्या जोडीला सहवास हवा, तोही लहान वयातला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी हे ओळखले होते. १९१९मध्ये रयत शिक्षण संस्था काढल्यावर १९२४मध्ये त्यांनी साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तिथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राबत आणि एका पंगतीत जेवत. त्या पंगतीसाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले.

तर मग जात-धर्म विसरायलाच सांगावे, असे काहींना वाटते. पण ज्याला जातीवरून पाण्यापासून दूर ठेवले, त्याला जात विसरायला सांगणे हा दुसरा अन्याय ठरतो. आरक्षण हा त्याचा हक्क आहे, तो राहिलाच पाहिजे. भाऊरावांनीही कोणाला आपली जात लपवायला लावली नाही. फक्त ताट वेगळे मांडू दिले नाही. आज मात्र वसतिगृहाची मागणीही अनेक समाज वेगवेगळी करतात. जागा प्रवर्गानुसार जरूर राखाव्यात, पण इमारत, खोली आणि पंगत एकच असावी. सातारा-सांगलीच्या आमदारांकडे आपण स्वतंत्र वसतिगृहाऐवजी अशा एकत्र वसतिगृहाची मागणी करू या.